चावडीवरची पाटी उखडा म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय

माणदेशी_गडी:
काल एकानं लिहिलं, गावोगावी चावडीवर इंग्रजांनी लावलेल्या संगमरवरी पाट्या, त्या 'या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, पैकी इतके मेले' वाल्या, उखडून टाका, भाडोत्री सैनिकांचं कसलं स्मारक. डोकं फिरलंय तेव्हापासून. आमच्या चावडीवर ती पाटी आहे, निम्मी नोटीसबोर्डाखाली दडलेली. त्या आकड्यात माझा पणजोबा आहे. ११० मराठा पलटण. इराकात तुर्कांनी कूत गावाला घातलेल्या वेढ्यात पाच महिने अडकले, घोडे कापून खायची वेळ आली, एप्रिल १९१६ ला शरणागती आणि मग कैद्यांची वाळवंटातनं पायपीट. आला नाही परत. प्रेत कुणी बघितलंच नाही म्हणून पणजीनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. महिना ११ रुपये पगार होता, त्यासाठी गेला म्हणून भाडोत्री? मग आज भरतीसाठी पहाटे चारला रस्त्यावर पळणारी पोरं कोण आहेत ओ?

सडेतोड:
तो मीच लिहिलेला. पणजोबांबद्दल आदर आहे, पण लढले कुणासाठी? तुर्कांशी आपलं काय वैर होतं? युद्ध संपतंय न संपतंय तोच १९१९ ला त्याच सरकारनं जालियनवाला केलं. पाटी म्हणजे पुढच्या भरतीची जाहिरात होती. शहीद तोच जो देशासाठी जातो.

बोरूबहाद्दर:
चर्चा चालू द्या, फक्त 'शहीद' नको, परभाषेतला शब्द आहे तो. सावरकरांनी 'हुतात्मा' हा चांगला शब्द दिलाय मराठीला.

डोंगरकपार:
आलेच. हुतात्मा म्हटलं की मला फोर्टातला चौक आठवतो, तो संयुक्त महाराष्ट्रवाल्यांचा, लढाईचा नाही. कारगिलच्या वेळी आमच्या शेजारच्या गावात पार्थिव आलं तेव्हा कमानीवर काय लिहायचं यावरून असाच एक मास्तर भांडत बसलेला. तुम्ही नव्हता ना ते?

बोरूबहाद्दर:
वैयक्तिक होऊ नका. आणि सैन्याच्या कागदावर शहीदही नसतं, 'बॅटल कॅज्युअल्टी' असतं. माहिती करून घ्या आधी.

डोंगरकपार:
म्हणजे तुमचाही शब्द कागदावर नाहीच की! मग दोन दिवस कशाला डोकं खाताय.

आक्काची_नात:
भांडा भांडा. ७१ ला आमच्या आजीचा भाऊ गेला. तेव्हा तिकडंच अग्नी द्यायचे, गावात पार्थिव यायला लागलं ते कारगिलपासून. घरी आली ती एक ट्रंक, त्यात स्वेटर, दाढीचं सामान आणि आजीनंच लिहून घेतलेली दोन पत्रं. आजी शहीद म्हणायची नाही की हुतात्मा म्हणायची नाही. 'दादू लढाईत गेला' म्हणायची आणि ट्रंकेला हात लावू द्यायची नाही.

पलटणकर:
सगळे ११० मराठा, कारगिल बोलताय. १११ महार पलटण कुणाला आठवते? १९१७ ला उभी केली, माणसं हवी होती तेव्हा. १९२१ ला मोडली. आमच्या लोकांना देश कुठला म्हणून विचारताना जरा गावातली विहीर आठवा, तिथलं पाणी तरी मिळत होतं का. कोरेगावच्या स्तंभावर निदान नावं आहेत.

सडेतोड:
हा विषय वेगळा आहे.

पलटणकर:
तुमच्यासाठी नेहमीच वेगळा असतो.

माणदेशी_गडी:
वेगळा कसा? नावाचंच तर दुखणं आहे. आमच्या पाटीवर नाव नाही, आकडा आहे. इराकातल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर पण तेच, गोऱ्यांची नावं, आपल्यातल्या अधिकाऱ्यांची नावं, आणि शिपाई म्हणजे पलटणीपुढं नुसता आकडा. २०२१ ला ही स्मारकं सांभाळणाऱ्या ग्रेव्हज कमिशननंच कबूल केलं, चुकलं म्हणून. इंग्रजांनी पणजोबाचा आकडा केला, आता तुम्ही तोही पुसा. आणि इंडिया गेट कुणी बांधलं? १९३१ ला इंग्रजांनीच ना? तिथं सेल्फी काढताना चालतं.

सडेतोड:
सेल्फी काढलेला नाही मी. बरं, बसऱ्याचं माहीत नव्हतं. पाटी राहू दे तुमची, खूश? पण खाली इंग्रज सरकारनं कशाला नेलं हेही लिहा, आणि नावं टाका. सापडत असतील तर.

माणदेशी_गडी:
सात सापडलीत, म्हाताऱ्यांना विचारून. बाकीची घरं मुंबईला गेली. ग्रामसभेत विषय काढला तर सरपंच म्हणतात आधी नोटीसबोर्ड कुठं हलवायचा ते सांगा.

बोरूबहाद्दर:
नावं 'टाकत' नाहीत, 'कोरतात'.

डोंगरकपार:
ह्यांना कुणीतरी आवरा रे.