मियाटाच्या मागच्या प्लास्टिकच्या काचेला हिवाळ्यात कसं जपायचं?

मिशिगनवासी:
नमस्कार मंडळी. यंदा उन्हाळ्यात १९९६ सालची माझदा मियाटा घेतली, म्हणजे छत मागे दुमडता येणारी दोन सीटची छोटी गाडी. काळं व्हिनाइलचं छत आणि मागे चेनवाली प्लास्टिकची काच. उजव्या कोपऱ्यात घडीची एक पांढुरकी रेघ आहे, बाकी अजून आरपार लख्ख दिसतं आणि ते तसंच राहावं अशी फार इच्छा आहे. गॅरेजमध्ये घरची मोठी गाडी असते, त्यामुळे मियाटा कारपोर्टखाली उभी राहणार. वर आडोसा आहे, पण वाऱ्याबरोबर बर्फ बाजूने आत येतोच.

काचेवर साचलेला बर्फ काढायचा कशाने? घरात ब्रश आणि स्क्रेपर आहे, पण या प्लास्टिकला तो लावायला हात धजावत नाही. जानेवारीत कोरडं ऊन पडलं तर छत उघडलेलं चालतं का? आणि कव्हर घालावं का? शेजारी म्हणतात घाल, ज्यांच्याकडून गाडी घेतली ते म्हणाले अजिबात नको.

बफेलोकर:
ताई, हात धजावला नाही तेच बरं. ब्रश नको, स्क्रेपर तर नकोच. माझी १९९४ ची मियाटा आहे आणि इथे एरी सरोवरावरून येणारा बर्फ एका रात्रीत बोनेट दिसेनासं करतो, तेव्हा सविस्तर लिहितो.

ही काच म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्यात प्लास्टिसायझर मिसळून ते लवचिक करतात. थंडीत तो लवचिकपणा जातो. शिवाय वर्षानुवर्षं ऊन खाऊन प्लास्टिसायझर हळूहळू निघून जातो, म्हणून जुनी काच नवीपेक्षा लवकर तडकते. जुलैत जी घडी सहज पडते तीच उणे दहामध्ये पडली की चीर जाते, आणि चीर बहुतेक वेळा जुन्या घडीवरूनच सुरू होते. तुमची ती पांढुरकी रेघ म्हणजे नेमकी तीच जागा.

म्हणून जानेवारीत ऊन कितीही छान पडो, छत उघडू नका. ऊन असलं तरी हवा गारच असते आणि प्लास्टिकही जवळपास तितकंच गार. मी स्वतः १५ सेल्सियसच्या खाली चेनला हात लावत नाही. अगदी उघडायचंच झालं तर आधी हीटर लावून गाडी आतून चांगली उबदार होऊ द्या, पुढचे दोन्ही हुक सोडून छत सैल करा, मग चेन उघडा. काच मागे सपाट पसरा, तिच्यावर मऊ टॉवेल घाला आणि मगच छत मागे घ्या. छताबरोबर काच दुमडू द्यायची नाही, हे उन्हाळ्यातही पाळायचं.

आता बर्फ. भुसभुशीत असेल तर स्वच्छ, मऊ हातमोजा घालून वरवरचा ढकलून द्या आणि काचेलगतचा बोटभर थर तसाच ठेवा. त्या थरात धूळ आणि बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेलं मीठ असतं, हात फिरवला की तेच कण चरे पाडतात. मग सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ नाही ना ते बघा आणि इंजिन सुरू करा. या काचेत डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवणाऱ्या, तारा नसतात, त्यामुळे ऊब मागे पोचायला वेळ लागतो. हीटरबरोबर एसी चालत असेल तर तोही चालू ठेवा, तो आतल्या हवेतली ओल ओढून घेतो. उरलेला थर खालून सुटतो आणि घसरतो. गरम पाणी ओतायचा मोह आवरा. मागचं नीट दिसत नाही तोवर गाडी हलवू नका, मग कामाला उशीर झाला तरी चालेल.

धुणं मात्र तापमान शून्याच्या वर असेल त्याच दिवशी. आधी तांब्याने वरून भरपूर साधं पाणी सोडा म्हणजे मीठ वाहून जाईल. मग गाडीच्या शाम्पूत भिजवलेलं मायक्रोफायबरचं फडकं एकाच दिशेने, जोर न लावता फिरवा. कोरडं कधीच पुसायचं नाही. धुऊन धुऊन मऊ झालेला पंचासुद्धा नको, त्याच्या धाग्यांत कण अडकून राहतात. अमोनियावाले काच पुसायचे स्प्रे आणि बर्फ वितळवायचे स्प्रे या प्लास्टिकच्या आसपास आणू नका. थंडी सुरू होण्याआधी प्लेक्सस किंवा ३०३ अशा प्लास्टिक जपणाऱ्या स्प्रेचा एक हात दिलेला चांगला.

लीड्सकर:
माझ्याकडे पहिल्या पिढीतली पोर्श बॉक्स्टर आहे, तीही छत उघडणारी. २००२ पर्यंतच्या बॉक्स्टरना मागे प्लास्टिकच असायचं, खरी काच त्यानंतर आली. आमच्याकडे बर्फ कमी, पण ओल फार. पहाटे काच आतूनही गोठते. आतल्या बाजूला क्रेडिट कार्डाने खरवडणारे लोक पाहिलेत, तसं कृपया करू नका. मूळ उपाय ओल आत न ठेवण्याचा: भिजलेले मॅट रोज घरात आणून वाळवा, ओल शोषणारी पिशवी सीटमागे ठेवा.

कव्हरबद्दल माझं मत तुमच्या आधीच्या मालकांसारखंच आहे. उघड्यावर वाऱ्याने कव्हर सतत फडफडतं आणि खालची धूळ काचेवर घासत राहते, पॉलिश पेपरने घासल्यासारखी. घालायचंच असेल तर गाडी धुऊन, पूर्ण कोरडी करून, हवा खेळती राहील असं घट्ट बसणारं कव्हर घ्या. ताडपत्री किंवा प्लास्टिकची शीट नको, तिच्याखाली वाफ कोंडते आणि छताला बुरशी धरते.

टोरांटोकर:
एवढा व्याप करण्यापेक्षा खऱ्या काचेचं छत बसवून घ्या. या मियाटाला तसं तयार मिळतं, डिफॉगरसकट. माझदाने १९९८ च्या पुढच्या मॉडेलपासून बहुतेक बाजारांत काचच दिली, ती उगीच नाही.

बफेलोकर:
छत फाटलं असेल तर मीही तेच सांगेन. पण ताईंची काच लख्ख आहे. चेन उघडून नुसती मागची खिडकी खाली पाडायची आणि वर छत तसंच ठेवून सप्टेंबरात वारा घेत जायचं, हे सुख बहुतेक काचेच्या छतांत नाही. शिवाय ती काच कापडाला चिकटवलेली असते, आणि वयाप्रमाणे तो जोडही सुटतो. चांगली वस्तू नुसती थंडीच्या भीतीने काढून टाकू नये.

ताई, आणखी एक. सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत छताचं पाणी वाहून जायची भोकं आहेत. पानगळीत ती बुजतात, मग पाणी साठून खालचा पत्रा आतून गंजतो. जाड तार घालू नका, गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी अलगद घाला. हे काम बर्फ पडायच्या आत करा.

मिशिगनवासी:
सगळ्यांचे मनापासून आभार. कव्हर रद्द, छत बंद, ब्रश फक्त पुढच्या काचेला. भोकं आजच पाहिली, डावीकडून मॅपलच्या पानांचा ओला गोळाच निघाला. एकच विचारते: चेन एका जागी अडकते. थंडीत हात लावायचा नाही हे कळलं, पण आत्ता इथे दुपारी १८ असतं, तर काही लावून ठेवू का?

बफेलोकर:
लावा. आधी जुन्या टूथब्रशने दात कोरडे घासून माती काढा, मग पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा दोन्ही बाजूंनी फिरवा आणि चेन सावकाश चारपाच वेळा वरखाली करा. तेल नको, त्याला धूळ चिकटते आणि ते ओघळून काचेवर येतं. अडकते तिथे दात वाकलेला असेल तर ओढाताण करू नका, छतं शिवणाऱ्या एखाद्या कारागिराला दाखवा. पूर्ण खिडकी न बदलता नुसता चेनचा सरकणारा भाग बदलून कधी कधी काम होतं.