गिटार अँपचे व्हॉल्व बदलून आवाज खरंच बदलतो का?

खारा वारा (मालवण): अँपमधल्या, आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळीला ट्यूब म्हटलं की आमच्याकडे भिंतीवरची ट्यूबलाइट आठवते, म्हणून मी व्हॉल्वच म्हणतो. ५० वॅटच्या अँपमधले ईएल३४ जातीचे पॉवर व्हॉल्व (स्पीकरला जोर देणारे) काढून ६एल६ जातीचे घाल, आवाज पार बदलेल, असं ज्याने त्याने सांगितलं. जोडी घेतली, बसवली, बायस (काही वाजत नसताना व्हॉल्वमधून वाहणारा करंट) लावला. माका काय फरक कळलो नाय! मग सॉकेटच्या भोकांतला हिरवट गंज कॉन्टॅक्ट क्लीनर आणि दातांच्या फटींच्या बारीक ब्रशने काढला, तर चार महिन्यांची खरखर गेली. किनाऱ्यावर राहणाऱ्याने आधी सॉकेट घासावं, खिशात हात मग घालावा.

कातळावरचा (देवगड): अजिबात पटलं नाही. आवाज दोनवर ठेवून वाजवलंस ना? मग पॉवर व्हॉल्वला काम काय पडलं? मी एकच तुकडा लूपरमध्ये (भरलेलं पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या पेडलमध्ये) भरून दोन्ही जोड्यांवर सातवर वाजवला. ईएल३४ मधल्या सुरांत धारदार, लवकर फाटतो. ६एल६ खाली भरीव, बराच वेळ स्वच्छ. बहिऱ्यालाही कळेल.

खारा वारा: शेजारी आजी झोपलेल्या असतात, सातवर कुठून नेऊ! आणि बायस दोन्हींना नीट लावलास का? ईएल३४ जास्तीत जास्त २५ वॅट सोसणारा, ६एल६जीसी (६एल६चाच दणकट प्रकार) ३०. त्याच्या सत्तर टक्क्यांच्या हिशोबाने ४५० व्होल्टला एकाला ३९ मिलिअँपिअर, दुसऱ्याला ४६-४७. एक थंड आणि एक गरम ठेवलास तर तू व्हॉल्व नाही, बायस ऐकलास. शिवाय संध्याकाळी घरातली लाइन २३० वरून १९० व्होल्टवर आली की व्हॉल्व तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हीटरला ५.२ च पोचतात. एक जोडी दुपारी, दुसरी रात्री वाजवलीस तर झालंच.

जुना रेडिओवाला (रत्नागिरी): भांडा सावकाश, पण पोरं हे वाचून उलटा प्रयोग करतील. ६एल६च्या अँपमध्ये ईएल३४ तसाच खुपसू नका. हीटर ०.९ ऐवजी १.५ अँपिअर खातो, म्हणजे जोडीमागे १.२ जादा. असा एक अँप माझ्याकडे आला होता, ट्रान्सफॉर्मर इतका तापलेला की हात लावता येईना. ईएल३४ची पहिली पिन आठव्या पिनेला, म्हणजे कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला), जोडलेली लागते. ६एल६ला पहिलीवर काहीच नसतं, त्यामुळे कुठे कुठे तिथे भलताच रेझिस्टर टेकवलेला सापडतो. आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चारशेवर व्होल्ट बसून राहतात. आधी ते उतरवा, मीटरने बघा, मगच बोट घाला.

कातळावरचा: काकांचं सगळं मान्य. बायस मी दोन्ही वेळा लावला होता, कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर घालून, मिलिव्होल्ट तेवढे मिलिअँपिअर. लाइनचं मात्र बघितलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. ये इकडे, स्टॅबिलायझर लावतो. आमच्या घराला शेजारच नाही. डोळे बांधून ऐक.

खारा वारा: येतो. पण व्हॉल्व तू बदलायचे नाहीस, आणि तुझ्या सॉकेटांतून आधी माझा ब्रश फिरणार.