मदत हवी आहे: कॅम्पर ओढायला पिकअप कोणता? आणि नवी गाडी लगेच ओढायला लावली तर चालेल का?

शिरीष_राजेंद्रनगर
नमस्कार मंडळी. इंदूरजवळ पीथमपूरकडे एका फॅब्रिकेटरकडे कॅम्पर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) तयार होतोय, महिन्याभरात मिळेल. तो ओढायला पिकअप घ्यायचाय आणि बुकिंग याच आठवड्यात करायचंय. इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स की सरळ महिंद्राची बोलेरो कॅम्पर (नावात कॅम्पर असलं तरी तो पिकअपच)? शोरूममध्ये विचारलं तर सगळीकडे एकच उत्तर, "ओढेल की साहेब". दुसरं म्हणजे गाडी नवी कोरी असताना मागे कॅम्पर लावून निघालं तर चालतं का? देवउठनी एकादशी झाली की निघायचंच आहे. कृपया "टेस्ट ड्राइव्ह घ्या" सांगू नका, ती झाली. लवकर सांगा.

डिझेल_अण्णा
हायलक्स. डोळे मिटून. २.८ लिटर, २०४ पीएस, मॅन्युअलला ४२० न्यूटन मीटर टॉर्क, ऑटोमॅटिकला ५००. व्ही-क्रॉस १.९ लिटर, १६३ पीएस आणि ३६०. गाडी वाईट नाही, पण घाटात फरक कळतो. बोलेरो कॅम्पर ७५ एचपी आणि २०० न्यूटन मीटर. मानपूरच्या चढावर मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खातील. शिवाय ती मालवाहू पासिंगमध्ये जाते, फिटनेस वगैरे मागे लागतं. पैसे असतील तर विचार कसला करताय?

मृणाल_के
अण्णा, ओढायचं काय आहे तेच अजून माहीत नाही! शिरीषदादा, एवढं सांगा: कॅम्परचं रिकामं वजन किती, भरल्यावर किती? चाकं दोन की चार? कॅम्परला स्वतःचे ब्रेक आहेत का? पिकअपमध्ये माणसं किती? आणि जायचं कुठे?

शिरीष_राजेंद्रनगर
वजन काही फार नाही, फायबरचा आहे. १४ फुटी. फॅब्रिकेटर साडेनऊशे किलो म्हणतो. चाकं दोन. ब्रेकची गरज नाही म्हणाला, पिकअपचे ब्रेक पुरतात. आम्ही पाच जण: आई, बाबा, मी, बायको, मुलगी. वाहनाने नर्मदा परिक्रमा करायची आहे. आता सांगा कोणती गाडी.

नर्मदाकाठ
नर्मदे हर! फार छान संकल्प. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने उचलणार ना? मैया कायम उजव्या हाताला राहिली पाहिजे आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही. समुद्राजवळ पायी परिक्रमावासी नावेने पलीकडे मिठी तलाईला जातात. गाडीवाले बरेच जण स्वतः नावेत बसतात आणि ड्रायव्हर रिकामी गाडी भरूचच्या पुलावरून नेतो. तुम्ही ड्रायव्हर नेणार आहात का? नाहीतर आई-बाबांच्या मनाला लागेल. अमरकंटकला थंडी कडक असते, रजया जास्त घ्या.

शिरीष_राजेंद्रनगर
काका, नियम बाबांना पाठ आहेत. गाडीचं कुणी सांगेल का?

शेती_सांवेर
आमच्याकडे ट्रॅक्टरमागे ट्रॉली असते, गव्हाची पोती भरून मंडीत येतो. ट्रॉलीला कुठे ब्रेक असतात? आयुष्य गेलं, काही झालं नाही. उगाच घाबरवतात. बोलेरो घ्या, गावागावात मेकॅनिक मिळेल. परिक्रमेच्या रस्त्यावर बडवानीच्या पुढे तुम्हाला हायलक्सचा पार्ट कोण देणार?

गिअरबॉक्सवाले_देशपांडे
पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालोय, म्हणून स्पष्ट बोलतो. ट्रॅक्टर ताशी वीस-पंचवीसने चालतो, हे साठ-सत्तरने जाणार. वेग तिप्पट झाला की थांबवायची ऊर्जा नऊपट होते. ट्रॉलीचा हिशोब इथे लावू नका. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक नसले तरी चालतात, त्याहून जड असेल तर सक्तीचे आहेत. तुमचा रिकामाच साडेनऊशेचा आहे. पाणी, गॅस, गाद्या, भांडी, बॅटरी धरून साडेबाराशेच्या खाली येत नाही. गणपती घाटात ब्रेक निकामी झालेले ट्रक आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

ओव्हररन ब्रेक बसवून घ्या. पिकअपने ब्रेक लावला की कॅम्पर पुढे ढकलला जातो, त्या दाबानेच कपलरमधला (कॅम्परच्या पुढच्या जोडणीतला) दांडा मागे सरकतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. पिकअपला वायरिंग लागत नाही. इलेक्ट्रिक ब्रेक जास्त चांगले, पण त्यांना गाडीत कंट्रोलर बसवावा लागतो. आणि सेफ्टी चेन दोन, कपलरखाली एकमेकींना छेदून. कपलर निसटला तर कॅम्परची पुढची दांडी चेनवर अडकते, रस्त्यात रुतत नाही.

शेतीवाल्यांचा मेकॅनिकचा मुद्दा मात्र खरा आहे. परिक्रमेच्या मार्गावर कुठल्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे, तो नकाशा बुकिंगच्या आधी काढा.

पुणेरी_भटक्या
कॅम्पर कशाला पण? ट्रॅव्हलरचं मोटरहोम करून घ्या. सगळे एकाच गाडीत, रिव्हर्सची कटकट नाही. नाहीतर घाटाघाटावर आश्रम आणि धर्मशाळा आहेतच.

शिरीष_राजेंद्रनगर
कॅम्परचे पैसे देऊन झालेत. आईला गुडघ्यांमुळे भारतीय पद्धतीचं टॉयलेट जमत नाही, म्हणूनच कॅम्पर. हा विषय बंद करा.

ब्रेकचं फॅब्रिकेटरशी बोलतो. पण नवी गाडी लगेच ओढू शकते का, याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

डिझेल_अण्णा
आजकालच्या इंजिनांना रनिंग-इन (सुरुवातीला जपून चालवून रुळवणं) वगैरे काही नसतं. कारखान्यातूनच तयार होऊन येतात. पहिल्या दिवसापासून दामटा. हजार किलोमीटरला ऑइल बदललं की झालं, कंपनी काहीही म्हणो.

गिअरबॉक्सवाले_देशपांडे
अण्णा, इंजिनापुरता विचार करताय. मागच्या ॲक्सलवरच्या डिफरन्शियलमधले क्राउन आणि पिनियन गिअर एकमेकांवर घासून हळूहळू नीट जुळतात. नव्या दातांवर पहिल्याच दिवशी सव्वा टनाची ओढ टाकली तर तेल तापतं आणि पृष्ठभाग खरवडला जातो. आवाज पुढे कधीतरी सुरू होतो आणि तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

टोयोटाच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय: पहिले ३०० किलोमीटर एकदम करकचून ब्रेक नको, पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर नको, आणि पहिले १००० किलोमीटर फार वेगात नको, एकदम वेग वाढवणं नको, आणि एकाच वेगावर फार वेळ चालवणंही नको. अमेरिकेतल्या त्यांच्या पुस्तिकेत त्यापुढच्या ८०० किलोमीटरला ट्रेलरसह ताशी साधारण ७२ च्या आत राहा असंही आहे. फोर्ड तर तिकडच्या पिकअपला १००० मैल, म्हणजे १६०० किलोमीटर थांबायला सांगते. तुम्ही जी गाडी घ्याल तिच्या इथल्या पुस्तिकेत काय आहे ते पाहा आणि तेच पाळा.

मृणाल_के
म्हणजे शिरीषदादा, गाडी आधी घ्या, कॅम्पर मागून येऊ दे. मधल्या दिवसांत मांडू, महेश्वर, उज्जैन करा. बायपासवर एकाच वेगात क्रूझ करण्यापेक्षा महूकडचे चढउतार बरे, गिअर बदलत राहतात. नुसतं विजयनगर ते राजेंद्रनगर ट्रॅफिकमध्ये फिरवू नका. बीएस-६ डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) छोट्या फेऱ्यांनी काजळीने भरतो, त्याला मोकळा रस्ता लागतो.

घाटवाट_नितीन
ऑटोमॅटिक घेऊ नका, गिअरबॉक्स तापतो. मॅन्युअलच.

डिझेल_अण्णा
उलट आहे. चढावर रिव्हर्समध्ये कॅम्पर पार्क करताना मॅन्युअलचा क्लच जळतो. टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक उत्तम.

घाटवाट_नितीन
मग फोर-लो (चारही चाकांना ताकद, सगळ्यात हळू गिअर) लावायचं ना रिव्हर्सला. काही जळत नाही.

गिअरबॉक्सवाले_देशपांडे
फोर-लो मातीवर. या गाड्यांचं फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर वळण घेताना पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. आश्रमाच्या मैदानात सरळ मागे घेताना जरूर वापरा. ऑटोमॅटिक घेतली तर लांब चढावर गिअर हाताने खालचा धरा, सारखा बदलू देऊ नका. उतारालाही तेच. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

कागदपत्र_कट्टा
कुणी विचारलं नाही तरी सांगते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा "मोटार वाहन" आहे, म्हणजे त्याचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरच्या बाजूला त्याचा स्वतःचा नंबर आणि मागे ओढणाऱ्या गाडीचा नंबर असावा लागतो. फॅब्रिकेटरकडे टाइप अप्रूव्हलची (डिझाइन तपासून मंजूर झाल्याची) कागदपत्रं मागा, एआरएआय, आयकॅट अशा वाहन तपासणाऱ्या संस्थांची. "नंतर करून देऊ" असं म्हणाला तर पुढचा हप्ता थांबवा. आणि इन्शुरन्सवाल्यांना ट्रेलर ओढणार हे लेखी कळवा. परराज्यात जाणार आहात, तिथे कुणी अडवलं तर हुज्जत घालत बसाल.

शिरीष_राजेंद्रनगर
कागदपत्रं मागितली आहेत, उत्तर नाही अजून. व्ही-क्रॉसकडे कल होतोय, बजेटमुळे. ५ माणसं आणि मागे सामान. जनरेटर, पाण्याची २०० लिटरची टाकी वगैरे कॅम्परमध्येच आहे, त्यामुळे पिकअपवर भार नाही.

मृणाल_के
टाकी कॅम्परमध्ये नेमकी कुठे?

शिरीष_राजेंद्रनगर
अगदी मागे. टॉयलेट मागे आहे म्हणून पाईप लहान पडतो. जनरेटरही मागच्या पेटीत, आवाज नको म्हणून.

मृणाल_के
दादा, हे आधी सांगायला हवं होतं! गाडीचा प्रश्न बाजूला ठेवा. कॅम्परच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे बॉलवर (पिकअपमागच्या ज्या गोळ्याला कॅम्पर जोडतात त्यावर) यायला हवा, साडेबाराशेला सव्वाशे किलो. तो कमी झाला की मागचं धूड डोलायला लागतं आणि शेवटी पिकअपलाही फिरवतं.

तुमचा हिशोब बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, टाकीचे २००. टाकी ॲक्सलच्या सहा फूट मागे आणि बॉल ॲक्सलच्या अकरा फूट पुढे धरू. २०० गुणिले ६ भागिले ११, म्हणजे सुमारे १०९ किलो बॉलवरून उचलले गेले. सव्वाशेतले उरले सोळा! जनरेटर वेगळाच. टाकी रिकामी असताना गाडी शहाण्यासारखी चालेल, तुम्ही निर्धास्त व्हाल. बडवानीला पाणी भरून निघालात की उतारावर शेपूट हलायला लागेल.

घाटवाट_नितीन
मग पुढे तेवढंच वजन ठेवा. गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या पुढच्या पेटीत. बॅलन्स झाला.

गिअरबॉक्सवाले_देशपांडे
नाही हो. बॉलवरचा आकडा जुळेल, पण दोन्ही टोकांना वजन असलेला कॅम्पर एकदा डोलायला लागला की लवकर थांबत नाही. जड वस्तू ॲक्सलच्या आसपास आणि जमिनीलगत हव्यात. टाकीत आडवे पडदेही घालून घ्या, नाहीतर अर्धी भरलेली टाकी ब्रेक लावला की डचमळते.

डिझेल_अण्णा
डोलायला लागला तर ॲक्सिलेटर दाबायचा, ताण बसून सरळ होतो. ट्रकवाले असंच करतात.

गिअरबॉक्सवाले_देशपांडे
अण्णा, कृपा करून हे कुणाला शिकवू नका. वेग वाढला की डोलणं वाढतं, उतारावर तर संपलंच. ॲक्सिलेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, डोलण्याच्या उलट फिरवत बसायचं नाही, पिकअपचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावायचा. मी याच कारणाने ओव्हररनपेक्षा इलेक्ट्रिकच्या बाजूचा आहे.

मृणाल_के
आणि "पिकअपवर भार नाही" हेही बरोबर नाही. बॉलवरचे सव्वाशे किलो पिकअपच्याच मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर येतात. त्यात पाच माणसं आणि हिचचं (पिकअपमागच्या जोडणीचं) लोखंड. ज्या पिकअप खासगी पासिंगच्या, आरामाच्या म्हणून विकतात त्यांची भारक्षमता लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. शोरूमला एकूण मान्य वजन आणि गाडीचं स्वतःचं वजन दोन्ही लेखी मागा, वजाबाकी घरी करा. ओढायची क्षमताही इथल्या पुस्तिकेतली पाहा. परदेशात हायलक्स साडेतीन टन ओढते हे खरं, पण तो आकडा तिथल्या गाडीचा, ब्रेकवाल्या ट्रेलरसाठीचा.

शेती_सांवेर
ट्रॉलीत माल पुढे भरतो तो यासाठीच. मागे जास्त झाला की ट्रॅक्टरचं मागचं चाक हलकं होतं. हे पटलं.

शिरीष_राजेंद्रनगर
आज पीथमपूरला जाऊन आलो. फरशी अजून बसवलेली नाही. टाकी आई-बाबांच्या पलंगाखाली, ॲक्सलवर घ्यायला तयार झालाय, पाईप लांबेल तेवढाच. जनरेटर पुढच्या बाजूला. इलेक्ट्रिक ब्रेकचा ॲक्सल मागवायला वेळ लागेल म्हणतो. देवउठनी हुकेल. बाबा म्हणाले पौष-माघात निघू, थंडी पडू दे. पिकअपचं बुकिंग वजाबाकी हातात आल्यावर.

एक विचारायचंय. बॉलवर किती वजन आलं ते मोजायचं कसं? फॅब्रिकेटरकडे काटा नाही.

मृणाल_के
धर्मकाट्यावर (ट्रक मोजायच्या वजनकाट्यावर) न्या. दोन पावत्या घ्यायच्या. पहिली, कॅम्पर सोडवून एकटा काट्यावर, पाणी-गॅस-सामान सगळं भरून. दुसरी, कॅम्पर पिकअपला जोडलेला, पण काट्यावर फक्त कॅम्परची चाकं, पिकअप बाहेर. पहिल्यातून दुसरी वजा केली की बॉलवरचं वजन. टाकी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा करा. जोडल्यावर कॅम्परची दांडी सपाट दिसली पाहिजे, नाक वर असेल तर हिचची उंची बदलून घ्या.

गिअरबॉक्सवाले_देशपांडे
लहान वजनाला धर्मकाटा दहा-वीस किलो इकडेतिकडे दाखवतो, तेवढं धरून चाला. निघाल्या दिवशी बडवाहला चहाला थांबाल तेव्हा कॅम्परच्या चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, नव्या रिमचे नट पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये सैल होतात. तेव्हाच दोन्ही हबला हात लावून पाहा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागला तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग घट्ट बसलंय, पुढे जाऊ नका.