मदत हवी आहे: पार्श्वसंगीतासाठी परदेशी ऑर्केस्ट्रा, इथे बसून रेकॉर्डिंग (तातडीचं!)

सुरेल_गोंधळ
मराठी चित्रपटाचं पार्श्वसंगीत करतोय. दिग्दर्शकांना आता अचानक ‘खरा ऑर्केस्ट्रा’ पाहिजे. बुडापेस्ट, प्राग, स्कोपिये इथले ऑर्केस्ट्रा पुण्यात बसून रेकॉर्ड करून घेता येतात असं ऐकलंय. कोणी केलंय का? खर्च किती? पुढच्या आठवड्यात मिक्स (सगळे आवाज एकत्र जुळवणं) आहे, तेव्हा जरा लवकर सांगा. ‘चांगली सॅम्पल लायब्ररी (आधीच रेकॉर्ड केलेले वाद्यांचे स्वर) घ्या’ हा सल्ला कृपया नको. तीच वापरली होती, तीच नाकारली गेलीय.

खर्जातला_सा
खर्च कसा सांगणार? किती मिनिटांचं संगीत आहे? वादक किती? नुसत्या स्ट्रिंग्ज (तंतुवाद्यं) की ब्रासही (पितळी फुंकवाद्यं)?

सुरेल_गोंधळ
सगळंच. मोठं वाटलं पाहिजे.

खर्जातला_सा
‘मोठं वाटलं पाहिजे’चं कोटेशन कोणी देत नाही हो. मिनिटं सांगा.

मंगलकार्य_स्पेशल
आमच्या सांगलीत एक ऑर्केस्ट्रा आहे, दोन गायक, एक गायिका, साउंड-लाइटसकट. भाच्याच्या हळदीला बोलावला होता, एक नंबर! कार्यक्रम कधी आहे तुमचा?

सुरेल_गोंधळ
कार्यक्रम नाही, रेकॉर्डिंग आहे.

मंगलकार्य_स्पेशल
तेही करतात. ड्रोनसकट.

तिसरी_रांग_व्हिओला
मी बुडापेस्टला दोनदा करून घेतलंय, म्हणून लिहिते. बुकिंग तासावर असतं. वादक समोर ठेवलेला कागद पहिल्यांदाच बघतात आणि वाजवतात, संथ नि सोपं संगीत असेल तर तासाला चार-पाच मिनिटं निघतात. अवघड पॅसेज आला की हिशोब कोसळतो. त्यांच्या सकाळच्या नऊला आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड. आवाज सोर्स-कनेक्ट या सॉफ्टवेअरवरून इंटरनेटने इकडे ऐकू येतो, सूचना तिकडच्या कंडक्टरला द्यायच्या. लहान काम असेल तर काही ठिकाणी एकाच सेशनमध्ये दोन-तीन संगीतकारांना वेळ वाटून देतात, ते परवडतं. आता मुख्य प्रश्न: स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) तयार आहे का?

सुरेल_गोंधळ
मिडी (संगणकावर वाजवलेल्या स्वरांची फाइल) आहे ना. त्यावरून एक्स्पोर्ट करून पाठवतो.

तिसरी_रांग_व्हिओला
नका पाठवू! की-स्विच (सॅम्पलचा वादनप्रकार बदलणाऱ्या मुक्या पट्ट्या) दाबलेत ते खाली स्वर म्हणून छापले जातील. लेगाटोसाठी (स्वर न तोडता जोडायला) एकमेकांवर चढवलेले स्वर एक-बत्तीसांश स्वरांचे टाय (जोडरेघा) होऊन येतात. तासाचे पैसे मोजून साठ माणसं तुमच्या चिठ्ठ्या वाचत बसतील. ऑर्केस्ट्रेटर (संगीत वाद्यांत वाटून लिहून देणारा) गाठा. प्रत्येक वाद्याचा वेगळा पार्ट, बार नंबर, हॉर्नचा पार्ट एफ पट्टीत लिहिलेला, पान उलटायला जागा. शिवाय क्लिक (वादकांच्या कानात वाजणारा ठेका), टेम्पो मॅप (लय कुठे बदलते त्याचा आराखडा), ४८ किलोहर्ट्झचं प्रो टूल्स (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर) सेशन. हे एका आठवड्यात होत नाही.

दादर_टीटी
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? मुंबईत आठ व्हायोलिन बोलवा, तीन थर वाजवून घ्या, झाले चोवीस. वर सॅम्पल्स मिसळा. निम्मी इंडस्ट्री हेच करते.

तिसरी_रांग_व्हिओला
आठ माणसांचे तीन थर म्हणजे चोवीस माणसं नव्हेत. तेच हात, तेच व्हायब्रेटो, तीच खोली. सोलोच्या मागे चालून जातं, उघडं पडलं की कळतं.

दादर_टीटी
प्रेक्षकाला कळतं का ते सांगा.

खर्जातला_सा
‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल थेट लॉस एंजलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले होते. प्रेक्षकाला कळत नसतं तर कशाला गेले असते?

दादर_टीटी
त्यांचं बजेट आणि यांचं बजेट! धागाकर्ते अजून आकडासुद्धा सांगत नाहीत.

सुरेल_गोंधळ
साडेतीन लाख. एकूण. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राचा ऑर्केस्ट्रा मिळेल का?

खर्जातला_सा
त्यांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, पण बरेचसे वादक परदेशातून सीझनपुरते येतात. तुमच्या पुढच्या आठवड्याला ते मुंबईत असतील हा योगच. चेन्नईला रहमान यांच्या संस्थेचा सनशाइन ऑर्केस्ट्रा आहे, तिकडे विचारून बघा.

म्हापसा_ब्लूज
गोव्याच्या लोकांना विसरलात काय? चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली ही माणसं नसती तर जुन्या हिंदी चित्रपटसंगीताची अरेंजमेंट कोणी लिहिली असती? सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस. प्यारेलाल यांना व्हायोलिन गोन्साल्विस यांनीच शिकवलं, १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्राही त्यांनी उभा केला. नाव मात्र पडद्यावर संगीतकाराचं.

दादर_टीटी
चाल संगीतकाराचीच असते की!

म्हापसा_ब्लूज
चाल चार ओळींची. मधले इंटरल्यूड काढा आणि मग गाणं ऐकवा.

खर्जातला_सा
यासाठी वेगळा धागा काढा दोघं. @सुरेल_गोंधळ, थीम कशी आहे? रागावर आहे का?

सुरेल_गोंधळ
मारव्याच्या अंगाची. भरपूर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं). का?

तिसरी_रांग_व्हिओला
मग ऐका. तिकडचे वादक कागदावर जे आहे ते उत्तम वाजवतात. ग्लिसांडो लिहिलात तर घसरगुंडी मिळेल, मींड मिळणार नाही. कोमल रिषभ नेमका किती खाली हे कागदावर कसं लिहाल? मुख्य धून इथल्या एका चांगल्या व्हायोलिनवाल्याकडून वाजवून घ्या, मागची हार्मनी बुडापेस्टला. ब्रास आणि स्ट्रिंग्ज वेगवेगळ्या वेळी रेकॉर्ड करून घ्या, म्हणजे मिक्समध्ये संवादाखाली ब्रास दाबता येतो. साडेतीन लाखांत अख्खा चित्रपट होणार नाही, महत्त्वाचे तीन-चार प्रसंग निवडा. हक्क एकरकमी आहेत हे लेखी घ्या. अमेरिकेतल्या युनियनमध्ये पुढची देणी लागतात, बुडापेस्टला सहसा नाही.

सीए_सदाशिव
परदेशी पेमेंटला बँक कागद मागते, टीडीएस लागतो का तेही आधी बघावं लागतं. निर्मात्याच्या सीएला आजच कळवा. ऐन वेळी पैसे अडकले तर ते लोक स्लॉट दुसऱ्याला देऊन टाकतात.

खर्जातला_सा
आणि पिक्चर लॉक (एडिटिंग पक्कं) झालंय ना?

सुरेल_गोंधळ
जवळजवळ. शेवटचं रीळ एडिटर अजून बघतोय.

तिसरी_रांग_व्हिओला
शेवटचं रीळ म्हणजे क्लायमॅक्सच ना? मग तो क्यू (त्या प्रसंगाचं संगीत) आत्ता लिहूसुद्धा नका. दोन सेकंद कापले तरी सगळे पार्ट पुन्हा काढावे लागतील. मिक्सची तारीख तीन आठवडे पुढे ढकलायला सांगा, तोवर आधीचे क्यू तयार करा. ऑर्केस्ट्रेटरची दोन नावं व्यनि (खासगी निरोप) करते.

आईची_छकुली
इथे एवढे व्हायोलिनवाले दिसतायत म्हणून विचारते, हडपसरला आठ वर्षांच्या मुलीला शिकवणारं कोणी आहे का? फक्त शनिवार-रविवार.