नॉइज कॅन्सलेशनचे बिनतारी इअरबड्स: परतीच्या मुदतीत पारख कशी करावी?

ठाकुर्लीकर

नमस्कार. गेल्या शनिवारी मी नॉइज कॅन्सलेशन असलेले बिनतारी इअरबड्स घेतले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष वस्तूचा आहे की माझ्या वापरण्याचा, हेच मला अजून ठरवता आलेले नाही. खोक्यावर ‘५० डेसिबलपर्यंत गोंगाट कमी’ असे ठळक छापलेले आहे. वस्तू परत करण्याची मुदत दहा दिवसांची असून त्यातले चार दिवस संपले आहेत.

माझा रोजचा प्रवास ठाकुर्ली ते भायखळा, धीम्या आणि बिनवातानुकूलित लोकलने, येऊनजाऊन अडीच तासांचा आहे. या चार दिवसांत असे आढळले की गाडीची घरघर आणि डब्यातल्या पंख्यांचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो, परंतु समोरच्या बाकावरचे बोलणे मात्र पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येते. घरीही तोच प्रकार आहे. छताचा पंखा गायब होतो आणि मिक्सर जसाच्या तसा राहतो. शिवाय उजव्या कानात परिणाम कमी जाणवतो, तर डाव्या कानाला दडा बसल्यासारखे वाटते. कार्यालयाचा फोन घेतला की पलीकडची व्यक्ती हमखास विचारते, ‘आपण फलाटावर आहात का?’ आता, गोंगाट कमी करणारे यंत्र कानात असताना तिला फलाट ऐकू यावाच का?

बड्स ठेवावेत की परत करावेत, हे उरलेल्या सहा दिवसांत कशावरून ठरवावे? पाच तारे आणि चार तारे देणारी परीक्षणे पुष्कळ वाचली, पण त्यांतून माझ्या डब्याचे उत्तर मिळत नाही.

तरंगलांबी

ठाकुर्लीकर, मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, सांभाळून घ्यावे.

समोरचे बोलणे स्पष्ट ऐकू येणे ही यंत्रणा चालू असल्याची खूण आहे. अशा बड्सच्या बाहेरच्या अंगाला एक मायक्रोफोन असतो आणि बहुतेक चांगल्या जोड्यांमध्ये कानाच्या नळीकडे तोंड केलेला दुसराही असतो. बाहेरचा मायक्रोफोन येणारा आवाज टिपतो, आतली चिप त्याची नेमकी उलटी लहर तयार करते आणि छोटा स्पीकर ती कानात सोडतो. आतला मायक्रोफोन उरलासुरला गोंगाट ऐकून चूक दुरुस्त करीत राहतो. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचे अमेरिकी पेटंट १९३६ साली मिळाले होते. अवघड भाग आहे तो वेळ साधण्याचा.

समजा, उलटी लहर पोहोचायला सेकंदाचा दहा हजारावा भाग एवढाच उशीर झाला. गाडीची घरघर १०० हर्ट्झची धरली, तर तिच्या एका आवर्तनाला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो, म्हणजे हा उशीर आवर्तनाच्या शेकडा एक एवढाच होतो आणि गोंगाट सुमारे २४ डेसिबलने उतरतो. तोच उशीर १००० हर्ट्झला आवर्तनाचा दहावा हिस्सा होतो आणि घट जेमतेम ४ डेसिबल उरते. १७०० हर्ट्झच्या आसपास फायदा संपतो, आणि त्यापुढे तीच लहर गोंगाटात भर घालू लागते, म्हणून चिप तिथे हात आखडता घेते. हा हिशेब केवळ समजण्यापुरता आहे, खरी यंत्रणा याहून गुंतागुंतीची असते. पण कल हाच. खर्जातला एकसुरी आवाज यंत्र मारते आणि टिपेचा किंवा अचानक उसळणारा आवाज अडवण्याचे काम शेवटी बडच्या टोकाला कानात बसणाऱ्या रबरी टोपीवरच येते. आपला मिक्सर त्यामुळेच सुटला.

आता बोलण्याकडे वळू. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि ‘स’, ‘श’, ‘च’ यांच्यासारख्या व्यंजनांची ताकद २००० हर्ट्झच्या वर असते. एरवी गाडीची घरघर त्यांना झाकून टाकत होती. यंत्राने ते पांघरूण काढून घेतले आणि समोरच्या बाकावरची भाजीच्या भावाची चर्चा आपल्या कानी आली. खोक्यावरच्या ५० डेसिबलचेही तसेच आहे. असा आकडा बहुधा एखाद्या अरुंद पट्ट्यात मिळालेला सर्वांत चांगला आकडा असतो. सगळ्या आवाजांवर तो लागू पडत नाही.

उजवा कान आणि डावा कान या आपल्या दोन तक्रारी माझ्या मते एकच आहेत. दडा बसल्याची भावना डावीकडेच का येते? कारण डावी टोपी नीट बसली आहे. तिथे हवेचा दाब खरोखर वाढलेला नसतो. खर्जातले आवाज एकाएकी नाहीसे झाले की घाट चढताना वाटते तसे वाटू लागते. उजवीकडे कुठेतरी फट राहत असावी. फटीतून बाहेरचा गोंगाट आत येतो आणि स्पीकरचा खर्ज बाहेर निसटतो, त्यामुळे उलटी लहरही दुबळी होते. पारख सोपी आहे: नॉइज कॅन्सलेशन बंद ठेवून डग्गा ठळक ऐकू येईल असे तबलावादन लावावे आणि उजवा बड बोटाने हलकेच आत दाबावा. दाबताच डग्गा भरीव झाला, तर टोपी लहान पडते आहे. खोक्यातली मोठी टोपी फक्त उजवीकडे लावावी. दोन्ही कानांना एकच माप लागते असे नाही. मग जबडा हलवून, जांभई देऊन पाहावे. एवढे करूनही उजवी बाजू कमी पडली आणि मायक्रोफोनच्या जाळीत मळ नसेल, तर दोष वस्तूत आहे असे समजून खुशाल परत करावी.

आणखी एक मोजमाप सुचवतो, त्याला कोणतेही उपकरण लागत नाही. रात्री घर शांत असताना एखादे निवेदन सहज कळेल इतकाच आवाज ठेवावा आणि फोनवरची पायरी लिहून ठेवावी. सकाळी गाडीत तेच निवेदन यंत्रणा बंद ठेवून किती पायऱ्या चढवावे लागते आणि सुरू ठेवून किती, हे पाहावे. या दोन आकड्यांतला फरक हाच आपल्या डब्यातला खरा उपयोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी ८० डेसिबलची मर्यादा आठवड्याला ४० तास आहे आणि ९० डेसिबलला ती ४ तासांवर येते. आपला प्रवासच आठवड्याला बारा-पंधरा तासांचा आहे, तेव्हा कमी झालेल्या दोन-तीन पायऱ्यांचे मोल कानांना फार आहे.

दुपारची पाळी

फोनबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण घरून ग्राहकांशी बोलणे हेच माझे काम आहे.

आपल्या कानातला गोंगाट कमी करणे आणि पलीकडच्या माणसाला जाणारा गोंगाट कमी करणे, ही दोन वेगळी कामे आहेत, आणि जाहिरातींमध्ये ती सर्रास एकाच नावाखाली खपवली जातात. दुसऱ्या कामात मायक्रोफोन तोंडापासून वीतभर दूर, कानाशी असतो. दोन-तीन मायक्रोफोनच्या साहाय्याने आवाज कोणत्या दिशेने आला ते ओळखून बाकीचे गाळावे लागते. खर्जाची घरघर गाळणे त्यातल्या त्यात सोपे असते, पण शेजाऱ्याचे बोलणे हेही बोलणेच असल्यामुळे यंत्राचा गोंधळ उडतो. गाळणी फार कडक असली तर आपलेच शब्द अर्धवट कापले जातात.

ही पारख स्वतःच्या कानांनी करता येत नाही. घरच्या कोणाला तरी फोन लावावा, किंवा फोनमध्ये स्वतःचा आवाज बड्समधून ध्वनिमुद्रित करून नंतर ऐकावा: एकदा बंद खोलीत, एकदा चालू पंख्याखाली, एकदा रस्त्यालगतच्या खिडकीत. नेहमी तेच चार वाक्यांचे निवेदन वाचावे आणि त्यात एखादा खाते क्रमांक असावा, कारण आकडे ऐकण्यातच चुका होतात.

लॅपटॉपवर बैठकीसाठी मायक्रोफोन सुरू होताच गाण्याचा दर्जा एकदम ढासळून जुन्या दूरध्वनीसारखा झाला, तर घाबरू नये. पारंपरिक ब्लूटूथमध्ये बोलण्यासाठी वेगळी, कमी क्षमतेची वाट वापरली जाते. एलई ऑडिओ ही नवी पद्धत दोन्ही उपकरणांत असेल, तर हा प्रश्न बराच सुटतो. मी स्वतः महत्त्वाच्या बैठकीला अजूनही तारेचा हेडसेट लावते.

खर्जषड्ज

तरंगलांबी यांचे बहुतेक सगळे पटले, मात्र तबला फक्त यंत्रणा बंद ठेवून ऐकू नये, असे मला सुचवायचे आहे. काही जोड्यांमध्ये नॉइज कॅन्सलेशन सुरू करताच गाण्याचा पोतच बदलतो, खर्ज फुगतो किंवा टिपेचे स्वर बोथट होतात. आपण प्रवासात ज्या अवस्थेत ऐकणार, त्याच अवस्थेत पारख व्हायला हवी. मी नुसता तानपुरा लावतो, अगदी हळू आवाजात, शांत खोलीत. मागे बारीक ‘सूं’ असा आवाज येत असेल, तर तो लगेच उघडा पडतो.

एलडीएसी, एपीटीएक्स वगैरे, म्हणजे ब्लूटूथवरून गाणे पाठवण्याच्या पद्धतींच्या, नावांमागे फार धावू नये. एलडीएसी सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती वाहू शकते हे खरे, पण दादरच्या पुलावरच्या गर्दीत, जिथे शेकडो उपकरणे एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत असतात, तिथे तीच अडखळते. आणि आपला फोन आयफोन असेल तर प्रश्नच मिटला, कारण तो एलडीएसी देतच नाही. तिथे एएसी ही तशीच दुसरी पद्धत, हीच वाट आहे.

वाऱ्याची परीक्षा मात्र चुकवू नये. कळव्याची खाडी ओलांडताना खिडकीशी किंवा दाराजवळ उभे राहून पाहावे. बाहेरच्या मायक्रोफोनवर वारा आदळला की यंत्र त्यालाच आवाज समजून कानात फडफड सोडते. वाऱ्यासाठी वेगळी सोय असेल तर ती सुरू केल्यावर फडफड थांबते, पण नॉइज कॅन्सलेशनही थोडे मंदावते. (दाराजवळ उभे राहायचे ते खांबाला धरून, आणि रूळ ओलांडायचे तर मुळीच नाहीत.)

बॅटरीचे तास वाचताना ते नॉइज कॅन्सलेशन सुरू ठेवून सांगितले आहेत की बंद ठेवून, हे पाहावे. सोनीच्या डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ साठी कंपनी सुरू असताना ८ आणि बंद असताना १२ तास सांगते. फरक लहान नाही. माझी स्वतःची तक्रार वेगळीच आहे. एवढ्याशा बडमध्ये चिकटवून बसवलेली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि ती बदलून मिळणे कठीण असते. माझ्या आधीच्या जोडीचा डावा बड उजव्यापेक्षा तासभर आधी मान टाकू लागला, तेव्हा सेवा केंद्राने नवी जोडी घेण्याचा सल्ला दिला. म्हणून किंमत वर्षांनी भागून पाहावी.

ठाकुर्लीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन दिवसांत सांगितलेले बहुतेक सगळे करून पाहिले.

उजवा बड दाबताच डग्गा भरला, हे ऐकून मला अक्षरशः हसू आले. आता उजवीकडे मोठी आणि डावीकडे मधली टोपी आहे आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या आहेत. अर्थात दडाही आता दोन्ही कानांना सारखाच बसतो, पण मुंब्र्यापर्यंत त्याची सवय होते. पायऱ्यांचा हिशेब असा: घरी ५, गाडीत यंत्रणा बंद असताना ११ आणि सुरू असताना ७. समोरच्या बाकावरचे बोलणे अजूनही ऐकू येते, मात्र आता ते का ऐकू येते हे ठाऊक असल्यामुळे चिडचिड होत नाही.

फोनच्या परीक्षेत जोडी सपशेल नापास झाली. बंद खोलीत ठीक, पंख्याखाली बरी, खिडकीत खाते क्रमांकातले दोन आकडे गळाले. फोनसाठी जुना तारेचा इअरफोन पिशवीत राहील. बड्स मी ठेवतो आहे.

आता एक शंका उरली आहे. मिक्सर आणि शेजारचे बोलणे आणखी कमी व्हावे म्हणून फोमच्या टोप्या मागवल्या. त्या कानात उत्तम बसतात, पण बड्स केसमध्ये ठेवले की झाकण पूर्ण लागत नाही आणि उजवा बड चार्ज होत नाही.

खर्जषड्ज

फोमच्या टोप्या सामान्य इअरफोनच्या मापाच्या आल्या असतील. बिनतारी बड्ससाठी आखूड नळीच्या टोप्या वेगळ्या मिळतात. मागवण्यापूर्वी, त्या ज्या मॉडेलांना बसतात त्यांच्या यादीत आपल्या मॉडेलचे नाव आहे का ते पाहावे. तोवर केसमध्ये ठेवताना टोपी काढून ठेवावी. आणि हो, फोम घामाने लवकर खराब होतो, ठाकुर्लीच्या मे महिन्यात तर फारच लवकर.