एडिटरमध्ये ४२ एक्स्टेन्शन्स झालीत. ठेवू काय, काढू काय?

अर्धविराम:
मंडळी, कोड लिहायला व्हीएस कोड हा एडिटर वापरतो. तीन वर्षांत जे एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायची जादा सोय) कोणी सुचवलं ते टाकत गेलो, आज मोजली तर ४२ भरली. त्यातली निम्मी काय करतात हे मलाच आठवत नाही. एडिटर उघडायला वेळ लागतो ते एक वेळ सोसेन, पण खरा त्रास वेगळाच आहे. जावास्क्रिप्टची फाइल सेव्ह केली की एकेरी अवतरणचिन्हं दुहेरी होतात, पुन्हा सेव्ह केली की परत एकेरी. काल दोन ओळी बदलल्या आणि डिफमध्ये (जुन्या-नव्या फाइलमधला फरक दाखवतात त्यात) १८० ओळी दिसल्या. कोड तपासणाऱ्या ताईंनी एवढंच विचारलं, "अख्खी फाइल नव्याने लिहिलीस का रे?" तुम्ही रोजच्या कामाला नेमकं काय ठेवता, ते सांगा.

टॅबवाली:
अहो, नवीन काय टाकायचं ते नंतर बघू. तुमच्या फाइलचं झालंय दोन घरचा पाहुणा उपाशी. सेव्ह करताना प्रेटियर हा फॉरमॅटर कोडची मांडणी बदलतो आणि शिवाय ईएसलिंट या लिंटरची 'फिक्स ऑल' (सगळं आपोआप दुरुस्त करणं) चालू असणार. दोघांचे नियम वेगळे, म्हणून हा खो-खो. सेटिंग्जमध्ये त्या भाषेसाठी 'डीफॉल्ट फॉरमॅटर' एकच नेमा आणि ईएसलिंटमधले निव्वळ दिसण्याबद्दलचे नियम बंद करा. त्यासाठी 'ईएसलिंट-कॉन्फिग-प्रेटियर' नावाचं तयार पॅकेज आहे. लिंटरने चुका शोधाव्यात, मांडणी फॉरमॅटरने करावी. जुना प्रोजेक्ट असेल तर 'फॉरमॅट ऑन सेव्ह मोड' हे सेटिंग 'मॉडिफिकेशन्स'वर ठेवा, मग गिटच्या (फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) हिशेबाने बदललेल्या ओळीच फॉरमॅट होतात. फॉरमॅटरला तुकड्यापुरतं काम करता यायला हवं, एवढी अट आहे.

याने भागलं नाही तर कमांड पॅलेटमध्ये (एडिटरच्या आज्ञा शोधायच्या चौकटीत) 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' शोधा. ते निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करतं आणि विचारतं, अजून त्रास आहे का? तुम्ही हो-नाही सांगत जायचं, ते दर खेपेला उरलेल्यांतली निम्मी बाजूला काढतं. ४२ असली तरी सहा फेऱ्यांत चोर सापडतो. एकेक बंद करून बघण्यात मी एकदा अख्खी दुपार घालवली होती. ही कमांड तेव्हाही एडिटरमध्येच होती, काखेत कळसा! आणि उघडायला कोण उशीर लावतंय ते 'शो रनिंग एक्स्टेन्शन्स'मध्ये मिलिसेकंदांत दिसतं.

कंस रंगवणारं एक्स्टेन्शन असेल तर आधी ते काढा. २०२१ पासून ती सोय एडिटरमध्येच आहे आणि कितीतरी वेगवान आहे. एचटीएमएलचा उघडणारा टॅग बदलला की बंद होणाराही बदलावा म्हणून काही टाकलं असेल, तर तेही नको, 'लिंक्ड एडिटिंग' चालू करा.

आता माझ्याकडे काय आहे ते. एरर लेन्स चूक त्याच ओळीच्या शेवटी दाखवतं. मात्र त्याचा 'डिले' वाढवून घ्या, नाहीतर वाक्य अर्धं लिहिलेलं असतानाच ते ओरडायला लागतं. गिटलेन्समधलं मी फक्त 'ही ओळ कोणी, कधी लिहिली' एवढं ठेवलंय, बाकीची सजावट बंद. (बऱ्याचदा ती ओळ मीच लिहिलेली निघते.)

पण एकच ठेवायची पाळी आली तर मी कोड स्पेल चेकर ठेवेन. उंटासारखी मधेच मोठी अक्षरं असलेली नावं असोत की अंडरस्कोरने जोडलेली, ते शब्द सुटे करून तपासतं. 'रिसीव्ह'च्या स्पेलिंगमध्ये मी आय आणि ई उलटे टाकले, ते थेट डेटाबेसच्या कॉलमच्या नावात गेले. लक्षात येईपर्यंत चार सर्व्हिसेस ते नाव वापरत होत्या. कॉलम आजही तसाच आहे आणि नवीन येणारा प्रत्येक जण मला त्याबद्दल विचारतो. प्रोजेक्टचे खास शब्द याच चेकरच्या सीस्पेल नावाच्या जेसन फाइलमध्ये घाला आणि ती फाइल कमिट करा (गिटमध्ये नोंदवा), म्हणजे सगळ्यांना एकच शब्दसंग्रह मिळतो.

एस्केप_दाबा:
मी निओव्हिम या दुसऱ्या एडिटरवाला, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. आमच्याकडेही हेच चाललंय, प्लगिन्सची (म्हणजे एक्स्टेन्शन्सची) कामं एडिटरच करायला लागलाय. लँग्वेज सर्व्हरशी (कोड समजून चुका दाखवणाऱ्या प्रोग्रामशी) बोलायची सोय ०.५ या आवृत्तीत आत आली, एडिटरकॉन्फिग (मांडणीचे नियम एका फाइलमधून सगळ्या एडिटरना सांगायची सोय) ०.९ मध्ये, ओळी कमेंट करायची कळ ०.१० मध्ये. तीन प्लगिन्स गेली. सराउंड हे प्लगिन मात्र सुटत नाही. 'सी एस', मग जुनं चिन्ह, मग नवं, की भोवतीचे कंस किंवा अवतरणं बदलली. सवय अशी की ईमेल लिहितानाही बोटं तेच दाबतात.

कुलूपकिल्ली:
एक भर. एक्स्टेन्शनला वेगळी परवानगी मागावी लागत नाही. एडिटरला ज्या फाइली दिसतात त्या त्यालाही दिसतात, पासवर्ड ठेवलेल्या एन्व्ह फाइलसकट. तेव्हा टाकण्याआधी नावाबरोबर प्रकाशकही बघा. प्रसिद्ध एक्स्टेन्शनसारखंच नाव घेऊन खोटी येतात. आणि वापरत नसाल तर 'डिसेबल' करून ठेवू नका, काढूनच टाका.

अर्धविराम:
आता १७ उरली. टॅबवालीताई, बायसेक्टला पाच फेऱ्या लागल्या. चोर निघाला एक जुना फॉरमॅटर, कधीतरी एका एचटीएमएल फाइलसाठी टाकलेला आणि विसरलेला. प्रेटियर आणि ईएसलिंट यांचं भांडण होतंच, ते वेगळं मिटवलं. चिन्हांची अदलाबदल थांबली. पण एका फाइलमध्ये अजूनही सगळ्या ओळी बदललेल्या दिसतात, आणि डोळ्यांना फरक काहीच नाही.

टॅबवाली:
मग त्या ओळींचे शेवट बघा. खाली उजवीकडच्या पट्टीत एलएफ आहे की सीआरएलएफ? (ओळ संपल्याच्या न दिसणाऱ्या खुणा, दुसरी विंडोजची.) ही फाइल विंडोजवर कोणीतरी उघडून सेव्ह केली असणार. एडिटरकॉन्फिगमध्ये 'एंड ऑफ लाइन' एलएफ ठेवा. व्हीएस कोडला त्यासाठी एक्स्टेन्शन लागतं, म्हणजे तुमची १८ होतील, नाइलाज आहे. गिट अ‍ॅट्रिब्यूट्सच्या फाइलमध्येही तसंच लिहा, मग एकदाच 'रीनॉर्मलाइझ' (सगळे शेवट एकसारखे) करून त्याचा कमिट वेगळा ठेवा. तुमच्या दोन ओळींबरोबर पाठवलात तर त्या ताई पुन्हा विचारतील.

अर्धविराम:
सीआरएलएफच होतं. कमिट वेगळा केलाय.