‘संस्थापकांचे चिरंजीव’ : ‘अ सन’ की ‘द सन’?

चर्चाप्रस्ताव

एका स्मरणिकेतील परिचयाचे इंग्रजी भाषांतर करताना ‘ते संस्थापकांचे चिरंजीव’ या वाक्यापाशी अडलो. संस्थापकांना तीन मुलगे होते हे त्याच परिचयात पुढे आले असल्याने मी ‘अ सन ऑफ द फाउंडर’ असे लिहिले. तपासणाऱ्यांनी ‘अ’ खोडून ‘द’ केले आणि समासात लिहिले, ‘वडील निश्चित, म्हणून मुलगाही निश्चित.’ ‘द सन’ वाचले की मला तरी एकुलता एक मुलगा डोळ्यांपुढे येतो. मराठी वाक्यात मुळातच नसलेली ही निवड भाषांतरकाराने कोणत्या आधारावर करावी?

प्रतिसाद १

आपले ‘अ’ बरोबरच होते, मात्र भावंडांची संख्या मनात न आणता ‘द सन ऑफ’ लिहिण्याची रीतही इंग्रजीत रुळलेली आहे, त्यामुळे ती दुरुस्ती चूक म्हणता येणार नाही. मराठीत ही निवडच नसते, हे मात्र मला मान्य नाही. ‘मी डॉक्टर शोधतो आहे’ म्हणणाऱ्याला कोणीही डॉक्टर चालेल. ‘मी डॉक्टरांना शोधतो आहे’ म्हणणाऱ्याच्या मनात एकच व्यक्ती आहे. जे काम इंग्रजीत उपपद करते, ते येथे विभक्तीने केले आहे.

प्रतिसाद २

हे सजीवांपुरते ठीक आहे. ‘मी पुस्तक शोधतो आहे’ यात कोणतेही पुस्तक की कालचेच, हे संदर्भावाचून कळत नाही, आणि ‘पुस्तकाला शोधतो आहे’ असे कोणी म्हणत नाही.

मला अधिक खटकते ते भाषांतरांतून शिरलेले ‘एक’. ‘तो एक चांगला डॉक्टर आहे’ हे वाक्य मी रोज वाचतो. यातील ‘एक’ काढून टाका, अर्थ तसूभरही ढळत नाही. हे इंग्रजी ‘अ’चे ओझे आपण विनाकारण वाहतो आहोत.

प्रतिसाद ३

‘एक होता राजा’ हे आपण इंग्रजीकडून शिकलो काय? खुद्द इंग्रजीचे ‘ॲन’ हे जुन्या इंग्रजीतील ‘आन’चे, म्हणजे ‘एक’चेच झिजलेले रूप आहे, व्यंजनापूर्वी त्याचा ‘न’ गळून ‘अ’ उरला. हा ‘न’ इकडून तिकडे उड्याही मारतो. आपले नारिंग तिकडे गेले आणि ‘अ नॉरेंज’चे ‘ॲन ऑरेंज’ झाले, हे त्याचेच उदाहरण.

प्रतिसाद ४

ही व्युत्पत्ती मोहक असली तरी खरी नाही. नारंग फारसी-अरबीमार्गे युरोपात पोहोचले आणि त्याचा ‘न’ इंग्रजीत येण्यापूर्वीच, इटालियन-फ्रेंच टप्प्यावर गळाला. खरे उदाहरण एप्रनचे : ‘अ नॅप्रन’ चुकीचे तोडल्याने ‘ॲन एप्रन’ झाले. उलट ‘ॲन एकनेम’चे ‘अ निकनेम’ झाले.

‘एक’बद्दल मी प्रतिसाद २ शी सहमत आहे. गोष्टीतले ‘एक’ राजाला प्रथमच आपल्यासमोर आणते. पुढच्याच वाक्यात तो नुसता ‘राजा’ होतो. ‘एक चांगला डॉक्टर’मधला माणूस आधीच ओळखीचा असतो, तेथे ‘एक’ला करण्यासारखे काहीच उरत नाही.

प्रतिसाद ३

उरते. ‘तो डॉक्टर आहे’ यात व्यवसाय सांगितला. ‘तो एक चांगला डॉक्टर आहे’ यात त्याला चांगल्यांच्या रांगेत बसवले. माझ्या कानाला हा फरक स्पष्ट जाणवतो, आणि जी गोष्ट मराठी माणसे सहज बोलतात तिला परकी ठरवणे मला पटत नाही.

प्रतिसाद ५

मुलांना शिकवताना उपयोगी पडलेली एक युक्ती सांगते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाहावा : पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. युनिव्हर्सिटी ‘य’ने सुरू होते, म्हणून ‘अ’. तासाचा ‘अवर’ ‘अ’ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन’. रोमन लिपीतील आद्याक्षर मुलांना फसवते, आपली लिपी फसवत नाही. फक्त ‘हिस्टॉरिक’पूर्वी काहीजण आजही ‘ॲन’ लिहितात, ते या कसोटीत कसे बसवावे?